स्वयंचलित कोळसा भट्टीत हवेचे प्रमाण वारंवार बिघडते तेव्हा

कोळसा आपोआप पुरवला जातो अशा भट्ट्यांबाबत एक तक्रार सतत ऐकू येते, मग ती स्क्रूने खालून कोळसा वर ढकलणारी लहान भट्टी असो की साखळी जाळीवर, म्हणजे कोळसा पुढे नेणाऱ्या सरकत्या जाळीवर, चालणारा मोठा बॉयलर असो. भट्टी काही दिवस उत्तम चालते आणि मग राखेत पेटते निखारे पडू लागतात, धुराड्यातून काळा धूर निघू लागतो किंवा जाळीवर क्लिंकरची, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेची, ढेकळे जमू लागतात. चालक हवेचा डँपर, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप, थोडा उघडतो किंवा थोडा मिटतो, भट्टी सुधारल्यासारखी वाटते, आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार, कधी कधी अगदी उलट रूपात, परत येते. हा प्रकार दोन-तीन वेळा झाला की डँपरची मूळ जागा कोणती होती हेही कोणाला खात्रीने सांगता येत नाही.

डँपर अमुक इतका उघडा आहे यावरून जळत्या कोळशाच्या थरातून किती हवा जात आहे हे कळत नाही, आणि या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. पंख्याने दिलेला दाब, कोळशाच्या थराचा अडथळा, थराच्या वर भट्टीत असलेली ओढ (ड्राफ्ट), आणि ती ओढ निर्माण करणाऱ्या धुराड्यापर्यंतचा मार्ग या चार गोष्टी मिळून हवेचे प्रमाण ठरवतात. चारही गोष्टी एकाच वाटेवर एकामागून एक आहेत, त्यामुळे कोणतीही एक बदलली की डँपर जागचा न हलताही हवा बदलते. बिघाड धुराड्यात किंवा कोळशात असताना डँपर फिरवून तो झाकला, तर मूळ कारण पुढे सरकत राहते आणि नवी जागाही चुकीची ठरते. म्हणून तपासणी धुराड्याकडून सुरू करावी, मग थराकडे यावे, त्यानंतर पंख्याकडे, आणि हवा-कोळशाच्या प्रमाणाला हात सर्वांत शेवटी लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीपूर्वीची खबरदारी

हवेचा बिघाड असलेल्या भट्टीत कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो असे धरूनच काम करावे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण १२.५ ते ७४ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास तो स्फोटकही असतो. भट्टीच्या खोलीत या वायूची सूचना देणारे चालू स्थितीतील यंत्र असल्याशिवाय ड्राफ्ट किंवा डँपरची कोणतीही चाचणी करू नये. भट्टीचे दार एकदम उघडू नये, कारण हवेअभावी वर साचलेला वायू ताजी हवा मिळताच भडकतो आणि ज्वाळा थेट दारातून बाहेर येते. दार आधी बोटभर उघडून क्षणभर थांबावे, स्वतः बाजूला उभे राहावे, आणि मगच पूर्ण उघडावे. धुराड्याच्या बाजूचा डँपर पूर्ण बंद होणार नाही असा अडसर त्याला असलाच पाहिजे, आणि तो कोणी काढून टाकलेला नाही ना, हे या निमित्ताने पाहून घ्यावे.

काय मोजायचे आणि कुठे

केवळ ज्वाळेकडे पाहून हवा ठरवणारे अनुभवी चालक आहेत आणि त्यांची नजर मोलाची आहे, परंतु बिघाड वारंवार होत असेल तर नजरेला आकड्यांची जोड लागते. किमान तीन ठिकाणचा दाब हवा: जाळीखालच्या हवापेटीतला, भट्टीत थराच्या वरचा, आणि धुराड्याच्या पायथ्याजवळचा. हे दाब पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिमी म्हणजे ९.८१ पास्कल. थराच्या वरचा ड्राफ्ट अत्यंत लहान असतो. लहान भट्टीत तो उणे अर्धा ते एक मिलिमीटर इतकाच असतो, तर दोन्ही बाजूंना पंखे असलेल्या मोठ्या बॉयलरमध्ये तो सामान्यतः उणे काही मिलिमीटर राखला जातो. इतका लहान दाब साध्या उभ्या नळीच्या मॅनोमीटरवर वाचता येत नाही. त्यासाठी तिरकस नळीचे किंवा चांगले डिजिटल मापक घ्यावे आणि प्रत्येक वेळी नळी काढून शून्य तपासून घ्यावे. मापकाची नळी राखेने अर्धवट बुजलेली असली की काटा स्थिर आणि विश्वासार्ह दिसतो, पण तो खोटे सांगत असतो. भट्टीचे दार किंचित उघडल्यावर काटा लगेच हलला पाहिजे. हलला नाही तर भट्टीआधी नळी साफ करावी.

चौथे मोजमाप धूरवायूतील ऑक्सिजनचे आहे, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मिळाले तर उत्तमच. ऑक्सिजनवरून जादा हवा काढण्याचे सूत्र सोपे आहे. ऑक्सिजनचा टक्का २१ मधून वजा करावा, आलेल्या संख्येने ऑक्सिजनच्या टक्क्याला भागावे आणि १०० ने गुणावे. ऑक्सिजन ६ टक्के असेल तर जादा हवा ४० टक्के येते. ९ टक्के असेल तर ७५ टक्के, आणि १२ टक्के असेल तर ती १३३ टक्क्यांवर जाते. म्हणजे ऑक्सिजनचे आकडे जसे वर जातात तशी वाया जाणारी हवा कितीतरी वेगाने वाढते. नमुना मात्र भट्टीच्या शक्य तितक्या जवळ घ्यावा. पुढच्या धूरमार्गात ओढ असते, तिथल्या प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत शिरते, आणि त्या हवेतला ऑक्सिजन पाहून चालक पंख्याची हवा कमी करतो, जेव्हा थराला आधीच हवा कमी पडत असते. काळा धूर आणि जास्त ऑक्सिजन ही जोडी एकत्र दिसली तर पहिला संशय या फटींवर घ्यावा. दाराच्या कडा, साफसफाईची झाकणे आणि जोडांच्या जागा यांजवळ धुराची कांडी किंवा मेणबत्तीची ज्योत फिरवल्यास ज्योत जिथे आत ओढली जाते तिथे गळती आहे हे कळते.

ही मोजमापे भट्टी एकाच भारावर, म्हणजे उष्णतेच्या एकाच मागणीवर, किमान अर्धा तास स्थिर चालल्यानंतर घ्यावीत आणि कोळशाच्या वेगासह लिहून ठेवावीत. भट्टी चांगली चालू असतानाची नोंद सर्वांत जास्त उपयोगाची असते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी घेतलेली नसते.

प्रथम ड्राफ्ट

धुराड्याची नैसर्गिक ओढ ही बाहेरची थंड हवा आणि आतला गरम वायू यांच्या घनतेतील फरकातून येते. धुराड्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिला ३५३ ने गुणावे. बाहेरच्या तापमानाचा आणि वायूच्या तापमानाचा व्यस्त काढून, दोन्ही केल्व्हिनमध्ये, त्यांच्या फरकाने पुन्हा गुणावे, म्हणजे ओढ पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मिळते. दहा मीटर उंचीच्या धुराड्यात वायू २०० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा १० अंश असताना ही ओढ सुमारे ५ मिमी येते. बाहेर ४० अंश असताना ती ३.८ मिमीपर्यंत घसरते. घर्षणात जाणारा भाग यातून अजून वजा व्हायचा असतो. थराच्या वर आपल्याला एक मिलिमीटरच्या आसपास स्थिर ड्राफ्ट हवा असताना सव्वा मिलिमीटरचा हा फरक मोठा आहे. एका ऋतूत लावलेली हवा दुसऱ्या ऋतूत किंवा पहाटेची दुपारी का चालत नाही, याचा उलगडा पुष्कळदा या हिशेबातच होतो.

लहान भट्टीत यावर उपाय म्हणजे धूरनळीवरचा वजनाचा झुलता डँपर, ज्याला बॅरोमेट्रिक डँपर म्हणतात. ओढ वाढली की त्याची झडप आपोआप उघडते, खोलीतील थोडी हवा धुराड्यात जाऊ देते आणि भट्टीतला ड्राफ्ट स्थिर ठेवते. ही झडप धुळीने जड झालेली, आसावर अडकणारी किंवा तिरकी बसवलेली आढळते. तिचा आस पाणसळीने तपासून आडवा करावा, झडप बोटाने हलवून ती सहज परत येते का ते पाहावे, आणि वजनाची जागा थराच्या वरच्या ड्राफ्टचे मापक पाहूनच ठरवावी. तिच्यावर छापलेल्या खुणा फक्त सुरुवातीपुरत्या असतात. हा डँपर भट्टी असलेल्या खोलीतच हवा. वेगळ्या बंद जागेत असल्यास दोन जागांच्या दाबातील फरकच तो मोजत राहतो.

ड्राफ्ट कमी मिळत असेल तर दोन ठिकाणचे आकडे ताडून पाहावेत. धुराड्याच्या पायथ्याशी ओढ पुरेशी आहे पण थराच्या वर ती मिळत नाही, असे असेल तर अडथळा या दोहोंच्या मध्ये आहे. आडव्या धूरनळीच्या तळाशी बसलेली उडती राख, उष्णता घेणाऱ्या नळ्यांमधील काजळी किंवा वळणावर साचलेला ढीग, यांपैकी काहीतरी तिथे सापडतेच. दोन्ही ठिकाणी ओढ कमी असेल तर धुराड्याचा वरचा भाग, त्याच्या तळाची राख, तडे आणि भट्टीची खोली यांच्याकडे वळावे. खोलीचा विचार फार जण करत नाहीत, पण हवा बाहेर फेकणारा एखादा मोठा पंखा चालू असेल आणि खिडक्या-दारे बंद असतील तर खोलीतच दाब कमी होतो आणि धुराडे हवेसाठी त्या पंख्याशी झुंजत राहते. खोलीचे दार उघडून ड्राफ्टचा काटा पाहावा. दार उघडताच ड्राफ्ट सुधारला तर खोलीला बाहेरून हवा येण्याची कायमची वाट करून द्यावी.

मोठ्या बॉयलरमध्ये ही कामगिरी धूर ओढणारा पंखा करतो. त्याच्या पात्यांवर राखेचे थर बसले किंवा पाती राखेने झिजली की तो पूर्वीइतकाच फिरूनही पूर्वीइतका ओढत नाही. भट्टीतला दाब शून्याच्या वर जाऊ लागला आणि निरीक्षण-छिद्रांतून धूर बाहेर येऊ लागला, तर खालची हवा वाढवणे तिथेच थांबवावे.

थराचा अडथळा

ड्राफ्ट स्थिर झाल्याशिवाय पुढील भाग वाचून काही हाती लागणार नाही, कारण हवापेटीचा दाब आणि ऑक्सिजन यांची जोडी वाचायची तर थराच्या वरचा दाब कायम असावा लागतो. तो कायम आहे, डँपर आणि कोळशाचा वेग बदललेला नाही, आणि तरीही भट्टी बिघडली आहे, असे असेल तर ही जोडी जवळजवळ नेमके कारण सांगते. हवापेटीचा दाब वाढला आणि ऑक्सिजन घटला, तर थर बुजला आहे. दाब घटला आणि ऑक्सिजन वाढला, तर थर पातळ झाला आहे किंवा त्याला कुठेतरी भोक पडले आहे. दोन्ही घटले तर पंखा, त्याचा मार्ग किंवा हवापेटीची गळती पाहावी. दोन्ही वाढले तर डँपर जागेवरून सरकला आहे किंवा पंख्याचा वेग बदलला आहे. यातली पहिली स्थिती सर्वांत फसवी असते, कारण वाढलेला दाब पाहून हवा भरपूर जात आहे असे वाटते आणि चालक डँपर आणखी मिटतो.

थर बुजण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोळशातील चुरी. चुरी मोठ्या खड्यांमधल्या जागा भरून टाकते, हवेला वाट राहत नाही, आणि जिथे चुरी नाही अशा ठिकाणाहून हवा जोराने फुटून निघते. तिथे थर पटकन जळतो, भोक पडते, भोकातून आणखी हवा जाते, आणि शेजारचा भाग उपाशी राहतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे कोळसा आधी हलका ओला करणे. चुरीच्या प्रत्येक १० टक्क्यांमागे साधारण १ टक्का ओलावा या हिशेबाने पाणी घातले तर चुरी खड्यांना चिकटते, थर सच्छिद्र राहतो आणि उडून जाणारा न जळलेला कोळसाही कमी होतो. पाणी कोळसा वापरण्याच्या काही तास आधी घालून मिसळू द्यावे. हॉपरवर, म्हणजे कोळसा साठवून खाली सोडणाऱ्या पेटीवर, ऐनवेळी ओतलेले पाणी फक्त वरच्या थरात राहते आणि स्क्रूमध्ये चिखल करते.

चुरी किती आहे याइतकेच महत्त्व ती कुठे पडते याला आहे. कोळसा हॉपरमध्ये एकाच जागी वरून पडत असेल तर त्याचा शंकू होतो, मोठे खडे उतारावरून कडांकडे घरंगळतात आणि चुरी मध्यभागी राहते. हाच फरक पुढे जाळीच्या रुंदीवर जसाच्या तसा उतरतो. मधल्या पट्ट्यातून हवा जात नाही आणि दोन्ही कडांनी ती उधळते. ऑक्सिजनचा सरासरी आकडा ठीक दिसतो, मात्र राखेत मधोमध काळा कोळसा आणि कडांना जळून तापलेली जाळी सापडते. साखळी जाळीवर ज्वाळा संपण्याची रेषा वरून पाहिली तर हे एका दृष्टिक्षेपात कळते: रेषा सरळ असावी, आणि ती मधोमध मागे राख पडण्याच्या टोकाकडे लांबलेली असेल तर दोष कोळसा पसरण्यात आहे. कोळशाचा नळ हॉपरच्या रुंदीभर फिरता ठेवणे किंवा कोळसा विखुरणारा शंकू बसवणे हाच यावरचा खरा उपाय आहे. हवेने तो साधत नाही.

थराची जाडीही इथेच तपासावी. साखळी जाळीवर बिटुमिनस (उडून जाणारे घटक बरेच असलेल्या) कोळशाचा थर साधारण १०० ते १५० मिमी असतो. कोळशाचे प्रमाण थराची जाडी आणि जाळीचा वेग या दोहोंच्या गुणाकारावर ठरते, त्यामुळे भार वाढवण्यासाठी कोणी थर जाड करतो आणि कोणी जाळी वेगाने चालवतो. कोळसा दोन्ही प्रकारांत तितकाच जातो, पण जाड थराचा अडथळा वेगळा असल्यामुळे हवेची जुनी नोंद निरुपयोगी ठरते. जाडी एकदा कोळशाच्या प्रकाराप्रमाणे ठरवून ती कायम ठेवावी आणि रोजचा चढउतार वेगाने सांभाळावा. जाळीखाली हवेचे वेगवेगळे कप्पे असतील तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या कप्प्यांना कमी हवा लागते. मुख्य ज्वलन मधल्या कप्प्यांवर होते. कप्प्यांमधले पडदे झिजले असतील तर एका कप्प्याचा डँपर बंद करूनही त्याचा दाब खाली येत नाही, आणि ही साधी चाचणी भट्टी चालू असतानाच करता येते.

खालून कोळसा ढकलणाऱ्या भट्टीत चिन्हे थोडी निराळी असतात. हवा कोळशाच्या मानाने जास्त असेल तर आग खाली उतरते, हवेच्या तोट्यांपर्यंत पोहोचते आणि त्या जाळते. हवा कमी असेल तर न जळलेला कोळसा मध्यभागी वर उचलला जातो आणि चिकटणारा कोळसा असल्यास त्याचा कोकचा (वायू निघून गेलेल्या घट्ट कोळशाचा) उभा खांब तयार होतो. अशा खांबाला लगेच फोडत बसू नये. तो लहान असेल तर भट्टी स्वतःच त्याला जाळते. तो वाढतच असेल तर कोळशाचा वेग कमी करून पाहावा. अँथ्रासाइट या कठीण कोळशाच्या भट्टीत मात्र आगीभोवतीच्या राखेच्या कडेकडे पाहावे. ती कडा नाहीशी होऊन निखारे थेट राखपेटीत पडू लागले तर कोळसा हवेच्या मानाने जास्त आहे. ती फार रुंद होऊन आग मध्यभागी आक्रसली तर उलट.

क्लिंकरबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे क्लिंकर नेहमी जास्त हवेने होतो. जास्त हवा एका जागी जोराने गेली तर तिथे तापमान वाढून राख वितळते हे खरे आहे. परंतु हवा कमी पडलेल्या भागातही राख लवकर वितळते, कारण ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात राखेतील लोहाची संयुगे अशा रूपात जातात की ती इतर घटकांना कमी तापमानालाच वितळवतात. म्हणून क्लिंकर कुठे जमतो ते पाहिल्याशिवाय हवा वाढवायची की कमी करायची हे ठरवू नये. भोकाच्या कडेला जमणारा क्लिंकर हा हवा एकवटल्याचा आहे, तर बुजलेल्या, मंद भागाखाली पसरलेला क्लिंकर हवेअभावी झालेला असतो. लांब सळईने थर ढवळणे हा त्यावर उपाय समजला जातो, पण त्यामुळे खालची राख वरच्या सर्वांत गरम भागात येते आणि नवा क्लिंकर तयार होतो. क्लिंकर काढावा, थर ढवळू नये.

पंखा आणि डँपर

इथली कारणे बहुधा यांत्रिक असतात आणि पटकन सापडतात. पंख्याच्या तोंडावरची जाळी कोळशाच्या धुळीने भरते, पट्टा सैल पडून घसरतो, पात्यांच्या पोकळीत धूळ बसते, हवानळीच्या जोडातून गळती होते. मोटरचे काम करून झाल्यानंतर तारा उलट जोडल्या गेल्या तर केंद्रोत्सारी पंखा उलटा फिरतो आणि तरीही त्याच बाजूने हवा देत राहतो, फक्त बरीच कमी. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेल्या तक्रारीत पंख्याच्या फिरण्याची दिशा सर्वांत आधी पाहावी.

डँपरचे पाते त्याच्या आसावर सैल झालेले असेल तर बाहेरचा काटा एक सांगतो आणि आतले पाते दुसरेच करते. पंखा बंद करून, झाकण काढून, काटा पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा असताना पाते नेमके कुठे आहे हे डोळ्यांनी पाहणे यासारखी दुसरी खात्री नाही. गोल नळीतील एका पात्याचा डँपर साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात बहुतेक हवा सोडतो आणि त्यापुढे तो कितीही उघडला तरी फारसा फरक पडत नाही. डँपर नेहमी अगदी थोडाच उघडा ठेवावा लागत असेल तर पंखा भट्टीच्या मानाने मोठा आहे आणि बारीक नियंत्रण त्या डँपरने होणार नाही. शक्य असल्यास पंख्याचा वेग बदलण्याची सोय करावी. वेग बदलला की हवा त्याच प्रमाणात बदलते, दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे आणि शक्ती घनाप्रमाणे, त्यामुळे वेग २० टक्क्यांनी उतरवल्यास शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते.

आता प्रमाण

ड्राफ्ट, थर आणि पंखा हे तिन्ही ठीक असल्याची खात्री झाल्यावर हवा आणि कोळसा यांचे प्रमाण लावण्यास अर्थ आहे. एक किलो शुद्ध कार्बन जाळण्यास सुमारे ११.५ किलो हवा लागते. राख आणि ओलावा असलेल्या कोळशाला ती त्या मानाने कमी लागते. जाळीवर हवा आणि कोळसा पूर्णपणे मिसळत नाहीत, म्हणून थोडी जादा हवा द्यावीच लागते. साखळी जाळीसाठी ती साधारण १५ ते ५० टक्के आणि खालून कोळसा देणाऱ्या भट्टीसाठी २० ते ५० टक्के मानली जाते. जादा हवा धुराड्यातून उष्णता घेऊन जाते, पण हवा अपुरी पडली तर होणारे नुकसान त्याहून तीव्र असते: एक किलो कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे ८,०८४ किलोकॅलरी मिळतात, आणि त्याचा मोनॉक्साइड होऊन तसाच निघून गेला तर केवळ २,४३० च्या आसपास. म्हणून शंका असेल तेव्हा किंचित जादा हवेच्या बाजूने राहावे.

लावण्याची रीत सोपी पण सावकाशीची आहे. भार आणि कोळशाचा वेग स्थिर ठेवून हवा थोड्या थोड्या टप्प्यांनी कमी करावी, प्रत्येक टप्प्यानंतर थर नव्या स्थितीत बसेपर्यंत थांबावे, आणि ज्या ठिकाणी कार्बन मोनॉक्साइड चढू लागतो तिथून एक टप्पा मागे येऊन थांबावे. गॅसच्या ज्वाळेप्रमाणे कोळशाची भट्टी बदलाला लगेच उत्तर देत नाही. तिच्या थरात बऱ्याच वेळचा कोळसा साठलेला असतो. पाच मिनिटांत दुसरा बदल करणारा चालक पहिल्या बदलाचे उत्तर कधीच पाहत नाही.

कोळशाच्या बाजूचीही एक चूक इथे लपलेली असते. स्क्रूचे फेरे किंवा जाळीचा वेग आकारमान मोजतो, वजन मोजत नाही. चुरी वाढली किंवा कोळसा ओला झाला की त्याच फेऱ्यांत जाणारे वजन बदलते. नवा कोळसा आला की ठरावीक वेळेत प्रत्यक्ष किती किलो जातो हे एकदा तोलून पाहावे.

काळा धूर दिसताच जाळीखालची हवा वाढवण्याची सवय घातक आहे. ज्या कोळशात उडून जाणारे घटक पुष्कळ आहेत त्याचा मोठा भाग थराच्या वर, वायुरूपात जळतो. खालून येणाऱ्या हवेतील ऑक्सिजन पेटत्या थराच्या खालच्या काही सेंटीमीटरांतच संपतो, आणि वर जाणारा कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कार्बनशी संयोग पावून पुन्हा मोनॉक्साइड होतो. खालची हवा वाढवली तर कोळसा आणखी जोराने वायू सोडतो, राख उडते, आणि वर मात्र ऑक्सिजनचा तुटवडा तसाच राहतो. अशा वेळी थराच्या वर, जोराच्या झोतांनी दिलेली दुय्यम हवा लागते. तिचे प्रमाण एकूण हवेच्या मानाने लहान असले तरी झोत वायूच्या प्रवाहात आरपार घुसला पाहिजे. अँथ्रासाइटमध्ये उडून जाणारे घटक अगदी कमी असल्यामुळे त्याला दुय्यम हवेची गरज नगण्य असते, आणि त्याच्या आखूड निळ्या ज्वाळा हे चांगल्या ज्वलनाचे चिन्ह आहे.

कमी भार आणि थांबलेली आग

पूर्ण भारावर नीट चालणारी आणि कमी भारावर बिघडणारी भट्टी ही वेगळी तक्रार आहे. पंखा थांबलेला असतानाही धुराडे ओढत राहते, थरातून हवा जात राहते, आणि आग पातळ होत जाऊन शेवटी विझते किंवा कोळशाच्या मार्गाने मागे हॉपरकडे सरकते. पंख्याच्या तोंडावरची परतझडप बंद होते का, हॉपरचे झाकण घट्ट बसते का, आणि ड्राफ्ट गरजेपेक्षा जास्त नाही ना, हे तिन्ही पाहावे. हॉपरमधून धूर येत असेल तर भट्टीतला ड्राफ्ट शून्यावर आलेला आहे असे समजून तो प्रथम सुधारावा. आग जिवंत ठेवणारा टायमर थोड्या थोड्या अंतराने थोडा कोळसा आणि थोडी हवा देतो. अंतर जास्त झाले तर आग मरते, आणि प्रत्येक वेळचा कोळसा जास्त झाला तर तो सगळे निखारे झाकून टाकतो. झाकलेल्या थराखाली वायू साचतो आणि पंखा सुरू होताच तो धडाक्याने पेटतो. म्हणून थांबलेल्या आगीतही पेटत्या निखाऱ्यांचा काही भाग उघडा दिसत राहील इतकाच कोळसा द्यावा.

स्वयंचलित नियंत्रण

हवेचे नियंत्रण यंत्राकडे सोपवलेले असेल आणि ऑक्सिजनचा आलेख सतत वरखाली होत असेल, तर आधी सांधे आणि दांडे तपासावेत. नियंत्रकाने दिलेली हालचाल सांध्यांतील ढिलाईत जिरत असेल तर तो प्रत्येक वेळी जास्त ढकलतो आणि मग परत खेचतो. ढिलाई नसेल तर नियंत्रक थराच्या मंद उत्तरापेक्षा घाईने चालवला गेला आहे आणि त्याचा प्रतिसाद सावकाश करावा लागेल. भट्टीतल्या दाबाचे नियंत्रण मात्र वेगवान हवे, आणि ते स्थिर झाल्यावरच हवा-कोळशाचे नियंत्रण स्वयंचलित करावे. भार वाढताना हवा आधी आणि कोळसा नंतर, भार उतरताना कोळसा आधी आणि हवा नंतर, हा क्रम नियंत्रकात बांधलेला आहे याची प्रत्यक्ष भार बदलून खात्री करावी. ऑक्सिजनवरून होणाऱ्या दुरुस्तीला वरची आणि खालची मर्यादा घालावी, जेणेकरून मापकाची नळी बुजली किंवा त्यात गळती झाली तरी यंत्र हवा धोक्याच्या पातळीखाली नेणार नाही. ही दुरुस्ती दिवसेंदिवस एकाच मर्यादेला टेकून राहत असेल, तर मर्यादा सैल न करता हवापेटीचा आणि थराच्या वरचा दाब चांगल्या दिवसाच्या नोंदीशी पुन्हा ताडून पाहावा.